घोंगडीची कड

१९७९ चा मे महिना. मेळघाटातल्या एका आडबाजूच्या खोऱ्यात, सकाळी साडेसहाच्या सुमारास, सोनाजी बेठेकर आम्हा चौघांना वनविश्रामगृहाच्या ओट्यावर उभं करून एकेकाचा वास घेत होता.

"हात दाखवा, बाई."

मी हात पुढे केला. त्याने मनगटाजवळ नाक आणलं, मग केसांपासून वीतभर अंतरावर.

"साबण?"

"नाही लावला."

"डोक्याले तेल?"

"नाही रे बाबा."

"हां. तुमी चालाल."

सोनाजी कोरकू होता, पन्नाशीचा, काटक. वनखात्याची माणसं पाहुण्यांना जंगल दाखवायला त्यालाच बोलावत. आम्ही ज्या कड्याखाली पक्षी पाहायला जाणार होतो, त्या कड्यावरचा मध त्याच्या घरचे लोक तीन पिढ्यांपासून काढत आले होते. आदल्या दिवशी संध्याकाळीच त्याने बजावलं होतं. साबण नको, पावडर नको, तेल नको, फूल नको. कड्यावर आग्यामोहोळ आहे, एक-दोन नाही, बावीस पोळी आहेत, आणि त्या माश्यांना परका वास खपत नाही.

अमरावतीच्या आमच्या पक्षिमित्र मंडळात मी चार वर्षं होते. मंडळाचे प्रमुख देवपुजारी सर, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. दुसऱ्या इंदूबाई खापरे, निवृत्त मुख्याध्यापिका, साठी ओलांडलेल्या, अंगाने भरलेल्या, आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. आणि चौथे आमचे हे. दिगंबर हरदास. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी. पक्ष्यांमधलं त्यांना कावळा आणि चिमणी एवढंच कळायचं, आणि त्यातही चिमणीबद्दल खात्री नसायची. सासूबाईंनी "एकटी बाई जंगलात कशी जाईल" म्हटलं, म्हणून ते पाठराखीण म्हणून आले होते.

सोनाजी त्यांच्यापाशी आला आणि थबकला.

"साहेब, वास येते."

"कसला?"

"दाढीचा."

हे रोज दाढी करायचे. तापात, प्रवासात, कुठेही. आणि दाढीनंतर एका चपट्या बाटलीतलं हिरवट पाणी दोन्ही गालांवर थापटायचे. लिंबासारखा, थोडा औषधासारखा वास. अकरा वर्षं रोज सकाळी माझ्या घरात तो वास दरवळायचा.

"अरे बाप्पा!" हे म्हणाले. "अकरा वर्षांत बायकोला कधी आला नाही, तुला एका मिनिटात आला!"

इंदूबाई हसल्या. सर हसले. सोनाजी हसला नाही. त्याने त्यांना विहिरीवर नेलं, माती चोळून तोंड धुवायला लावलं, परत वास घेतला आणि मान हलवली.

"गेला नाही. साहेब, तुमी बंगल्यावरच राहा."

"आनंदाने!" हे म्हणाले. त्यांच्या पिशवीत रहस्यकथेचं पुस्तक होतं.

त्यांना राहू दिलं असतं तर ही गोष्ट सांगायला उरलीच नसती. पण मी म्हटलं, "असं काय करता हो? इतक्या लांब आलात, निदान कड्याअलीकडच्या ओढ्यापर्यंत तरी चला. मला मागे कोणी असलं की बरं वाटतं."

सोनाजीने माझ्याकडे पाहिलं, मग यांच्याकडे. शेवटी ठरलं की हे कड्याच्या अलीकडे, ओढ्याकाठच्या मोहाच्या झाडाखाली थांबतील, आमच्या पिशव्या आणि जेवणाचे डबे राखतील, आणि तिथून एक पाऊलही पुढे टाकणार नाहीत.

निघताना सोनाजीने खांद्यावर काळी जाड घोंगडी टाकली.

"मे महिन्यात घोंगडी?" यांनी विचारलं. "थंडी वाजते काय रे?"

"असू द्या, साहेब."

तासभर चाललो. पळसाची, सागाची वाळलेली पानं पायाखाली इतकी वाजायची की पक्षी उडून जात. सोनाजी मात्र त्याच पानांवरून मांजरासारखा जायचा. यांना मोहाखाली बसवून आम्ही चौघं पुढे गेलो. वळणावरून मी मागे पाहिलं. पुस्तक उघडून, बूट काढून ते बसले होते. मला पाहून त्यांनी डबा वर करून दाखवला.

मग कडा दिसला, आणि दिसायच्या आधी ऐकू आला.

तो आवाज कसा होता? दूर कुठेतरी पिठाची गिरणी चालू असावी तसा. कानापेक्षा छातीत जास्त जाणवणारा. ताठ उभा काळा खडक, आणि त्याच्या पुढे आलेल्या कपाळाखाली ओळीने लोंबणारी पोळी, घराच्या दाराएवढी एकेक. मला आधी वाटलं खडकच ओला आहे, म्हणून चमकतोय. मग त्या चमकणाऱ्या काळ्यावरून एक लाट वरून खाली सरकत गेली, आणि तो खडक नव्हे, अंगाला अंग लावून बसलेल्या माश्या आहेत हे लक्षात आलं.

"जोरात बोलाचं नाई," सोनाजी कुजबुजला. "हात हालवाचा नाई. एखादी अंगावर बसली तर बसू द्या. मारली तर तिच्या वासानं हजार येतात."

इंदूबाई जन्मात प्रथमच कुजबुजल्या. "पाण्यात उडी मारली तर?"

"तुमचं डोकं वर याची वाट पाहतात."

आम्ही झुडपांच्या आडोशाला बसलो. तासाभरात स्वर्गीय नर्तकाचं एक जोडपं दिसलं, नराची पांढरी शेपटी फितीसारखी. सर वहीत लिहीत होते. माझी भीती हळूहळू बसली. माणसाला भीतीचीही सवय होते, आणि सवय झाली की लोभ जागा होतो.

नऊच्या सुमारास कड्यावरून एक मोठी तपकिरी सावली सरकली. मी दुर्बीण डोळ्याला लावली. लहान डोकं, लांब मान, पोटावर पट्टे.

"सर," मी म्हटलं, "मधुबाज."

मोहोळावर जगणारा हा शिकारी पक्षी आम्ही दुरून, उंचावर उडताना पाहिला होता. पण तो मोहोळावर हल्ला करताना मंडळातल्या कोणीही पाहिलेला नव्हता. सरांनीसुद्धा नाही. सरांच्या हातातली पेन्सिल खाली पडली.

सोनाजी आधीच उभा राहिला होता.

"उठा. निघाचं."

"सोनाजी, अरे—" सर म्हणाले.

"तो आला म्हंजे निघाचं. आत्ता. वाकून, हळू."

सर उठायला लागले होते. हे मला नीट आठवतं. त्यांनी वही बंद केली होती. मीच त्यांची बाही धरली.

"पाच मिनिटं, सोनाजी. फक्त पाच मिनिटं. आपण एवढे लांब आहोत. तो तर वर आहे."

"बाई, तो पोळं फोडते आन् निघून जाते. राग इथंच राहते."

"पाच मिनिटं."

सर परत बसले. इंदूबाई बसलेल्याच होत्या. सोनाजीने खांद्यावरची घोंगडी काढून हातात घेतली आणि वाऱ्याकडे तोंड करून उभा राहिला.

मधुबाजाने दोन घिरट्या घातल्या. तिसऱ्या वेळी तो पंख मिटून खडकाला समांतर आला आणि मधल्या पोळ्यावर पायांनी आदळला. पोळ्याचा एक तुकडा निखळला. माझ्या दुर्बिणीत त्याचा चेहरा स्पष्ट दिसत होता. गालावरची पिसं खवल्यांसारखी घट्ट, त्यांवर माश्या आदळून खाली पडत होत्या, आणि तो शांतपणे पोळ्याचा तुकडा पायात धरून उडाला. असं दृश्य मी नंतर कधी पाहिलं नाही. मी हसत होते, असं सरांनी पुढे सांगितलं.

दुर्बिणीत दूरचं जवळ दिसतं, पण जे खरंच जवळ आलेलं असतं ते दिसत नाही. कड्यावरून काळा पडदा सुटावा तसं काहीतरी खाली आलं, ते मी पाहिलंच नाही. फक्त गिरणीचा आवाज बदलला. उंच झाला.

"पळा!" सोनाजी ओरडला. "सर, करवंदीच्या जाळीत घुसा! खोल! बाई, खाली बसा, खाली!"

त्याने माझा दंड धरून मला इंदूबाईंच्या अंगावर ढकललं आणि आम्हा दोघींवर घोंगडी टाकली. बाहेरून त्याचा आवाज आला, "कड दाबून धरा! माशी आत येऊ द्याची नाई! मी धूर करतो!" मग त्याची पावलं दूर गेली.

आत काळोख. लोकरीचा, धुराचा, जुन्या घामाचा वास. मी गुडघ्यांवर ओणवी होते, एक कड गुडघ्यांखाली, दुसरी दोन्ही मुठींत. घोंगडीवर माश्या पडत होत्या. टप टप टप, वळवाचे थेंब पत्र्यावर पडावेत तशा. पाठीवर त्यांचं वजन जाणवत होतं. वजन! माश्यांना वजन असतं हे मला त्या दिवशी कळलं. लोकरीतून त्यांचे काटे अर्धवट आत येत होते आणि तिथेच अडकत होते.

शेजारी इंदूबाई एकोणतीसचा पाढा म्हणत होत्या. "एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न." नव्वदच्या पुढे जाऊन त्या चुकत आणि पहिल्यापासून सुरू करत. चाळीस वर्षं शिकवलेला पाढा.

मग घोंगडीची कड बाहेरून ओढली गेली. मी ती दाबून धरली. पुन्हा ओढली गेली, जोरात. मी सगळं अंग त्या कडेवर टाकलं. मग ओढ थांबली.

किती वेळ गेला, सांगता येत नाही. इंदूबाईंनी पाढा कधी थांबवला, तेही कळलं नाही. हळूहळू टपटप विरळ झाली, ओल्या पाल्याचा दाट धूर आत शिरला आणि आम्ही दोघी खोकायला लागलो. सोनाजीने घोंगडी उचलली. त्याच्या कपाळावर, कानांवर गाठी आल्या होत्या. जाळीतून सर सरपटत बाहेर आले. चष्मा नाही, शर्ट फाटलेला, पंधरा-वीस डंख.

"सगळे आहेत?" त्यांनी विचारलं. "हरदास ओढ्यावरच आहेत ना?"

घोंगडी होती तिथे, माझ्या गुडघ्यापासून दोन हातांवर, एक बूट पडला होता. लेस न बांधलेला.

हे आम्हाला कोरड्या ओढ्याच्या पात्रात सापडले, बरेच खाली. तोंडावर पालथे, दोन्ही हात मानेवर. सोनाजीने उलटं केलं तेव्हा मी त्यांना ओळखलं नाही. डोळ्यांच्या जागी दोन चिरा. ओठ नव्हतेच, नुसती सूज. श्वास घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता.

"हे मोहाखाली होते ना?" सर म्हणाले. "इकडे कसे आले?"

तेव्हा इंदूबाई बोलल्या. शाळेतल्या आवाजात, ठाम.

"आमच्यासाठी आले. मी घोंगडीच्या फटीतून पाहिलं. बाहेरून आमची कड दाबत होते. आणि मग माश्यांना ओढून नेण्यासाठी ते पळाले."

सरांनी डोळ्यांवर हात ठेवला.

त्यांना न्यायचं कसं? सोनाजीने दोन बांबू तोडले आणि घोंगडीची झोळी बांधू लागला. सरांनी विचारलं, "एकटी घोंगडी पेलेल का रे? फाटायची नाही ना?"

"फाटते कशाची, साहेब! मोठी हाय. थंडीत आमी चार भाऊ झोपत होतो हिच्यात."

गाठ मारता मारता त्याने मान वर केली. माझ्याकडे पाहिलं की नुसतंच वर पाहिलं, हे मला आजही सांगता येणार नाही.

बंगल्यापर्यंत झोळी, तिथून जीप, मग परतवाड्याचा दवाखाना. खड्ड्याखड्ड्यात जीप उसळली की ती शिट्टी थांबायची, आणि ती पुन्हा सुरू होईपर्यंत मी आकडे मोजायची. एकदा सतरापर्यंत गेले. डॉक्टरांनी दोनशेनंतर काटे मोजणं सोडून दिलं. म्हणाले, काट्यांपेक्षा मूत्रपिंडांची भीती आहे. तीन दिवस काढले तर बघू. ते तीन दिवस मी त्यांच्या खाटेशी बसून होते. एका डंखाचाही व्रण नसलेले माझे हात पदराखाली लपवून.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा डावा डोळा किलकिला झाला.

"कुमुद."

"अहो, मी इथेच आहे."

"तुला चावल्या?"

"नाही."

"एकही?"

"एकही नाही."

बराच वेळ ते माझ्याकडे त्या चिरेतून पाहत राहिले. मग म्हणाले, "बरं झालं," आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

पावसाळ्यानंतर मंडळाने त्यांचा सत्कार केला. शाल, नारळ. सरांनी भाषणात सगळं सांगितलं, इंदूबाईंनी पाहिलं तसं. बायकांच्या रांगेत दोघी-तिघींनी डोळे पुसले. शेवटी हे उभे राहिले.

"मी काही केलं नाही हो," ते म्हणाले. "खरं सांगतो, बायकोनं घोंगडी घट्ट धरली, म्हणून ती वाचली. फार घट्ट धरली."

सभागृह हसलं, टाळ्या वाजल्या. माणूस किती नम्र, असं शेजारची बाई माझ्या कानात म्हणाली. पुढे पस्तीस वर्षं, लग्नात, बारशात, कोणी ती हकिकत काढली की हे तेच वाक्य बोलत. तोच सूर, तेच शब्द. आणि दर वेळी माझ्याकडे न पाहता.

मी वर एक गोष्ट गाळली. दोन.

सोनाजीने घोंगडी टाकताना जे सांगितलं, त्यातलं एक वाक्य मी लिहिलं नाही. तो म्हणाला होता, "माशी आत येऊ द्याची नाई. पण माणूस आलं तर घ्या." शब्दन् शब्द मला ऐकू आला होता.

आणि कड पहिल्यांदा ओढली गेली, तेव्हा लोकरीच्या, धुराच्या वासातून एक दुसरा वास आत आला. लिंबाचा, थोडा औषधाचा. आवाजही आला. "कुमुद, मी आहे. कुमुद, घे." ओरडून नव्हे. घरी स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहून हाक मारावी तसा, अगदी जवळून. त्यांची बोटं कडेखाली आली होती. गुडघ्याखाली ती मला जाणवली. मी गुडघा उचलला नाही. दाबला.

त्यांच्या अंगाला वास होता, ते आत आले असते तर माश्याही आल्या असत्या, इंदूबाई मेल्या असत्या. हे सगळं मी पुढे शोधून काढलं. त्या क्षणी यातलं काहीच माझ्या मनात नव्हतं. त्या क्षणी मला फक्त कड माझ्याकडे हवी होती.

दुसऱ्यांदा ओढल्यावर ते थांबले. आणि मग बाहेरून त्यांनी ती कड खरोखरच आत सारली. माझ्या मुठीजवळ जी थोडी फट राहिली होती, ती बुजवली. त्यानंतर ते पळाले. म्हणजे इंदूबाईंनी जे सांगितलं ते खोटं नव्हतं. अर्धं होतं.

देवपुजारी सरांनी त्या सहलीनंतर माश्यांच्या कड्यांकडे माणसं नेणं बंद केलं. मधुबाजाची ती नोंद त्यांनी कुठेही छापली नाही. ते १९९६ मध्ये गेले. वही त्यांच्या मुलाकडे आहे.

सोनाजीने वाटाड्याचं काम दोन वर्षांत सोडलं आणि शेती करू लागला. मी एकदा त्याला भेटायला गेले, नवी घोंगडी घेऊन. त्याने ती घेतली, चहा दिला, साहेब कसे आहेत विचारलं. मी निघताना एवढंच म्हणाला, "बाई, भेव वाटते तवा माणूस आपला नाई राहत." तो कधी वारला, मला कळलं नाही. गावाकडून कोणी कळवणारं नव्हतं.

इंदूबाई १९८८ मध्ये गेल्या. शेवटच्या आजारात मी त्यांच्याजवळ बसले होते. मी विषय काढू पाहिला. "बाई, तुम्हाला घोंगडीतून खरंच दिसलं होतं का?" त्या डोळे मिटूनच म्हणाल्या, "घोंगडीला फट कुठून असणार गं? तू एवढी घट्ट धरलीस. पण मला ऐकू येत होतं. सोनाजीचंही, हरदासांचंही."

हे बरे झाले, पण एक मूत्रपिंड कायमचं अधू राहिलं. त्या दिवसानंतर दाढीचं पाणी त्यांनी लावलं नाही. बाटली कपाटात तशीच सुकली. आमचा संसार चांगला झाला. ते हसवायचे, मी हसायची. एकदाच, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी, मी म्हणाले, "अहो, त्या दिवशी मी—" आणि ते म्हणाले, "कुमुद, चहा टाक." मी टाकला. २०१४ च्या जानेवारीत ते गेले.

झोळीची ती घोंगडी आमच्याकडेच राहिली होती. नवीबरोबर ती परत द्यायला नेली होती, पण सोनाजीने ती घेतली नाही. पेटीच्या तळाशी, कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेली. मला आता अठ्ठ्याहत्तरावं आहे. यंदाच्या हिवाळ्यात मी ती पहिल्यांदा बाहेर काढली. दुपारची वेळ होती, घरात कोणी नव्हतं. लोकरीत अजून काटे होते, बारीक, काळे. मी खाली बसले, एका बाजूला कुशीवर झाले आणि ती अंगावर ओढून घेतली.

शेजारी खूप जागा उरली होती. मी त्या बाजूची कड हाताने उचलली आणि हात भरून येईपर्यंत तशीच धरून ठेवली.